दात गेले म्हणून खाऊ बंद करू नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सोलापुरात भवानी पेठेत माझा कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा घरगुती धंदा आहे. पाकिटं भरताना भाकरीच्या कडा तुटतात, चुरा उरतो. तो मागायला येणारी काही ठरलेली गिऱ्हाइकं आहेत : ‘काकू, कुत्र्यासाठी हवाय.’ हल्ली मी त्यांना आधी विचारते, कुत्र्याचं वय काय आणि तोंडात दात किती. बहुतेकांनी कधी बघितलेलंच नसतं. माझ्या घरी बाळू आहे. गावठी, तेरा वर्षं ओलांडलेला. खाली एक सुळा आणि मागे थोड्या दाढा, एवढंच त्याच्या तोंडात उरलंय. त्याच्यामुळे हा विषय मला रोज बघावा लागतो आणि त्याबद्दल चार लोकांना कळावं असं मनापासून वाटतं.

लोक दोन टोकं गाठतात. काही जण ‘चावलं की दात घट्ट होतात’ म्हणत म्हाताऱ्या कुत्र्यापुढेही नळी, वाळक्या कातड्याची हाडं, टणक टोस्ट टाकत राहतात. काही जण दात पडले की खाऊ बंदच करतात आणि दोन वेळा दूधभात ठेवून मोकळे होतात. वाढ झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना दूध पचत नाही, जुलाब होतात, ते एक झालंच. पण त्याहून मला लागतं ते हे, की त्या जिवाचा दिवसातला आनंद आपण काढून घेतो. डोळ्यांना कमी दिसतं, पायऱ्या चढवत नाहीत, गाडीमागे पळणं कधीच संपलं. हातातून मिळणारा एक घास तेवढा राहिलेला असतो.

दात नसले तरी कुत्रं खाऊ शकतं. त्याला मुळात ४२ दात असतात, आपल्यापेक्षा दहा जास्त, पण ते आपल्यासारखं घास घोळवून चावत नाही. पुढच्या दातांनी पकडायचं, दाढांनी कातरायचं आणि गिळायचं, अशी त्याची रीत. दाढा गेल्या की कातरणं थांबतं, गिळणं चालूच राहतं. धोका तिथे आहे. टणक तुकडा तसाच घशात जातो. कातड्याचं हाड ओलं झालं की फुगतं आणि अडकतं. दुकानात ‘दात साफ करणाऱ्या’ कांड्या मिळतात, त्यांचं सगळं काम घासून चावण्यावर चालतं. चार दाढांच्या कुत्र्याला त्याचा काय उपयोग?

दातांचे पशुवैद्य सांगतात, कुत्र्याला चघळायला द्यायच्या वस्तूत अंगठ्याचं नख रुतलं पाहिजे. नाहीतर ती दाताला फार टणक, दाढेचा टवका उडू शकतो. हे झालं धडधाकट दातांच्या कुत्र्याचं. बाळूसाठी मी याहून कडक नियम ठेवलाय : दोन बोटांत हलकं दाबलं की पदार्थ मोडला पाहिजे. जीभ टाळूला लावून त्याला तो चुरडता येतो.

आमची कडक भाकरी या परीक्षेत साफ नापास होते, हे मी ती विकणारीच सांगते. तिचे तुकडे धारदार, उघड्या हिरड्यांना टोचतात. पण कोमट पाण्यात भिजवली की तीच भाकरी मऊ गोळा होते आणि ज्वारीचा वास सुटतो. म्हाताऱ्या कुत्र्यांचं नाकही मंदावलेलं असतं, म्हणून कोमट द्यायचं. गरम मात्र नको. कुत्र्यांसाठी मी मीठ न घातलेल्या थोड्या भाकऱ्या वेगळ्या थापते, त्यांचा डबा वेगळा. एक सांभाळायचं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो, भिजवलेली भाकरी ताटलीत राहिली तर दुपारपर्यंत आंबते. खाईल तेवढीच भिजवावी, उरलेली टाकून द्यावी.

बाळूला सगळ्यात जास्त आवडतं ते रताळं. आषाढीला आणि महाशिवरात्रीला मंडईत ढीग लागतात. साल काढून मऊ उकडायचं, बोटांनी कुस्करायचं आणि बोराएवढ्या गोळ्या करायच्या. त्याची औषधाची गोळीही त्यातच जाते, पेढ्यात लपवायची गरज पडत नाही. लाल भोपळा तसाच उकडून. चिकन बिनहाडाचं, नुसत्या पाण्यात शिजवून, रेषा सुट्या करून. गाजर कच्चं अजिबात नको, शिजवून कुस्करलं तर चालतं. पिकलेली पपई बिया काढून. शेजारच्या अक्कांकडे दहीभात होतो, त्या फोडणी घालायच्या आधी दोन घास बाजूला काढून ठेवतात. उन्हाळ्यात घट्ट दही डब्याच्या झाकणात पातळ पसरून फ्रीजरमध्ये ठेवते, तो अर्धा तास चाटत बसतो. दाण्याचा कूट चिमूटभर, तोही कोमट पाण्यात सैल करून, कारण घट्ट लगदा टाळूला चिकटतो आणि दात नसलेल्या कुत्र्याला तो सुटत नाही.

शेंगा चटणी मात्र चुकूनही नको. तिच्यात लसूण असतो, आणि लसूण-कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवलेला असो, वाळवलेला असो, पूड असो, फरक पडत नाही. त्रास बऱ्याचदा दोन-चार दिवसांनी दिसतो : हिरड्या फिक्या पडतात, धाप लागते, लघवी गडद होते. तोवर काय खाल्लं होतं ते घरच्यांच्या लक्षातही नसतं. रविवारच्या मटणाचा रस्सा भाकरीवर ओतून देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. त्या रश्श्यातली शिजलेली हाडं तर फुटून सुळ्यासारखी टोकदार होतात.

दुसरी गोष्ट बेदाण्यांची. नान्नजची द्राक्षं, पंढरपूर भागातला बेदाणा, हे आपल्या जिल्ह्याचं वैभव. म्हणून घरोघरी शिऱ्यात, प्रसादात बेदाणे सढळ हाताने पडतात. कुत्र्याला द्राक्षं आणि बेदाणे विषारी आहेत, त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ले तर बाधतील हे आधी सांगता येत नाही. २०२१ साली अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधेच्या तज्ज्ञांनी यामागे टार्टारिक आम्ल असावं असं मांडलं. ते चिंचेतही भरपूर असतं, तेव्हा आमटीचं वरचं पाणीही नको. मऊ आहे, गोड आहे, म्हाताऱ्याला सहज खाता येईल, अशा मायेनेच प्रसादाचा शिरा दिला जातो. म्हणून हे मी ठळक लिहिते आहे. ‘शुगर-फ्री’ च्युइंगममधलं झायलिटॉल आणि चॉकलेट हीसुद्धा विषंच.

खाऊ बदलण्याआधी डॉक्टरांकडून तोंड तपासून घ्यावं. उरलेला दात किडलेला असेल तर मऊ घासही दुखतो. कुत्रं एका बाजूने खातं, घास तोंडातून पडतो, लाळ गळते, तोंडाला घाण वास येतो, या खुणा वयावर ढकलू नयेत. डोळ्याखाली सूज आली तर ती बऱ्याचदा वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी पू झाल्याची असते. असे दात भूल देऊन काढावे लागतात. म्हाताऱ्या कुत्र्याला भूल म्हटलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो, माझ्याही आला होता. डॉक्टर आधी रक्त तपासतात आणि मगच ठरवतात. दात काढल्यावर बाळू ज्या हुरूपाने खायला लागला, तसा तो त्याआधी किती तरी दिवस खात नव्हता.

त्याच रक्ततपासणीत त्याचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं नीट काम करत नसली की रक्तात साठणारा टाकाऊ घटक, वाढलेलं निघालं. मूत्रपिंडं थकली की फॉस्फरस कमी द्यावा लागतो. तो अंड्याच्या पिवळ्या बलकात आणि कलेजीत जास्त, पांढऱ्यात फारच कमी. म्हणून त्याला आता नुसतं पांढरं मिळतं, आणि दहीसुद्धा डॉक्टरांना विचारून, चाटण्यापुरतंच. मधुमेह असेल तर केळं आणि रताळंही विचारून द्यावं. मापाचं म्हणाल तर दिवसभराच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्श्याहून खाऊ जास्त नसावा. दहा किलोच्या म्हाताऱ्या कुत्र्याला साधारण ५०० कॅलरी लागतात आणि एका अंड्यात ७०-७५ असतात, म्हणजे अख्खं अंडंही जास्तच.

चहाच्या टपऱ्यांपाशी बसणारी म्हातारी कुत्रीही आहेत. त्यांना बिस्किटं टाकणारे हात चांगलेच आहेत, कुणाला नावं ठेवायची नाहीत. फक्त ते बिस्कीट पाण्यात मऊ करून कागदावर ठेवा. त्याऐवजी भिजवलेली भाकरी दिलीत तर आणखी बरं, कारण बिस्किटात साखरच फार.

शहरातल्या प्राण्यांच्या दुकानदारांना आपल्या वृत्तपत्रातून दोन विनंत्या कराव्यात असं वाटतं. मऊ खाऊची पाकिटं बहुतेक मोठी येतात. चिमूटभर खाणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याकडून ती संपत नाहीत आणि उघडी राहून खाऊ दगडासारखा होतो, तेव्हा लहान पाकिटं ठेवावीत. आणि मीठ किती, साखर किती, लसणाची पूड आहे का, एवढं तरी एका मराठी चिठ्ठीवर लिहून बरणीला चिकटवावं. आमच्या पेठेत इंग्रजी बारीक अक्षर वाचणारी माणसं घरात दुपारी नसतात, आणि कुत्र्याला भरवणारी आजी असते.

आपली,
एक वाचक
भवानी पेठ, सोलापूर