तुम्ही आमच्या वकील ना?

दादर, मुंबई

चि. सानिकास अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "आई, तो कागद तू कोर्टात दिलाच नसतास तर?" कुकरच्या शिट्ट्यांमध्ये उत्तर द्यावं असा तो प्रश्न नव्हता. तू कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहेस, पुढे सरकारी बाजूनेच काम करायचं म्हणतेस, म्हणून सविस्तर लिहिते.

मी सरकारी वकील म्हणून चालवलेला तो खटला तुला थोडाफार माहीत आहे. पूर्व उपनगरातली चाळ, वर्गणीवरून भांडण, २२ वर्षांचा मुलगा गेला, आरोपी तीन. झटापटीत त्याचा शर्ट अंगातून निघाला. पुढे एका आरोपीने पाण्याच्या टाकीमागून तोच शर्ट काढून दिला, त्यात चॉपर गुंडाळलेला. शर्ट गेलेल्या मुलाचाच होता हे सिद्ध होणं फार महत्त्वाचं होतं.

त्याच्या आईच्या साक्षीत शर्टाचं पाकीट फोडलं. खाकी कागद, लाखेचं सील, पंचांच्या सह्यांचं लेबल, कलिनाच्या प्रयोगशाळेतून तपासून आलेलं. आत निळ्या चौकड्यांचा शर्ट, रक्त वाळून पुठ्ठ्यासारखा ताठ झालेला. तिने हात पुढे केला, मागे घेतला. उलटतपासात विचारलं गेलं, "असे शर्ट बाजारात कुठेही मिळतात, हे खरं ना?" ती म्हणाली, "मिळतात साहेब. ह्याची कॉलर बघा." कॉलर विरली म्हणून तिने उसवून उलटी लावली होती, हाताने, जरा गडद दोऱ्याने. न्यायाधीशांनी शर्ट मागून घेतला, कॉलर वळवून पाहिली आणि तसं नोंदवून घेतलं. कोर्टात काही क्षण कुणी बोललं नाही.

तपास अधिकाऱ्यांच्या साक्षीच्या आदल्या रात्री मी पोलिसांची मूळ फाईल घरी वाचत बसले होते. तिच्यात वसईच्या एका कारखान्यातल्या सुपरवायझरचा जबाब निघाला, सोबत हजेरीची प्रत. तिसरा आरोपी त्या रात्री तिथे रात्रपाळीला होता. हा कागद दोषारोपपत्राला जोडलेलाच नव्हता, त्यामुळे बचाव पक्षाला त्याचा पत्ता नव्हता. सकाळी अधिकारी म्हणाले, "मॅडम, आता कशाला?" मी जबाब कोर्टापुढे ठेवला, प्रत बचावाला दिली, सुपरवायझरला बोलावलं. दोघांना जन्मठेप झाली, तिसरा सुटला.

सानू, मोह झाला होता. ती फाईल मिटून ठेवली असती तर कुणालाही कळलं नसतं. पण सत्र न्यायालयातला प्रत्येक खटला सरकारी वकिलानेच चालवायचा, असं जुन्या दंड प्रक्रिया संहितेचं कलम २२५ सांगत होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २४८ तेच सांगतं. का? सूड घेणाऱ्याच्या हातात खटला जाऊ नये म्हणून. दिल्लीतल्या जेसिका लाल खून खटल्याच्या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी वकिलाच्या याच जबाबदारीबद्दल विस्ताराने लिहिलं आहे. तो निकाल मुळातून वाच, नोट्सवर भागवू नकोस.

मला खरी टोचणी वेगळीच आहे. हा जबाब मी आरोप ठेवले जाण्याआधी वाचायला हवा होता. माझ्यापुढे फायलींचा ढीग होता, मी दोषारोपपत्रावर विसंबले. तो तिसरा आरोपी तीन वर्षं आर्थर रोड तुरुंगात होता, आणि त्यातला बराच काळ माझ्या हिशेबी आहे. तू या कामात आलीस तर पहिल्या दिवशी पोलिसांची पूर्ण फाईल मागव. दोषारोपपत्रात त्यांनी निवडलेलंच असतं.

निकालानंतर कोर्टाबाहेरच्या बाकावर ती आई बसली होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "मॅडम, तुम्ही आमच्या वकील ना? मग त्याला का सोडवलंत?" मी म्हटलं, "ताई, तो त्या रात्री तिथे नव्हता." ती म्हणाली, "पण धमकी त्यानेच दिली होती." तेही खरं होतं. माझ्याकडे याला उत्तर नव्हतं, आणि कायदा समजावून सांगायची ती वेळ नव्हती. तिच्याशेजारी बसले. थोड्या वेळाने एवढंच सांगितलं, की त्याच्या सुटकेविरुद्ध हायकोर्टात अपील करायचा तिला स्वतःला हक्क आहे, आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. माझ्याच कामाविरुद्ध तिला वाट दाखवत होते, पण ते तिला कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

ती ऐकत होती की नाही, कळलं नाही. मग एकदम म्हणाली, "तो शर्ट मला परत मिळेल का?"

निकालात नेहमीचा आदेश आहे: रक्ताचे कपडे निरुपयोगी म्हणून अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावेत. इतक्या वर्षांत ती ओळ मी कितीदा वाचली असेन. कधी थांबले नव्हते. शर्ट नष्ट न करता, अपिलं निकाली निघाल्यावर तिला द्यावा, असा अर्ज लिहून ठेवला आहे. त्यावर तिचा अंगठा घ्यायचा आहे, सही येत नाही तिला. सोमवारी साडेदहाला यायला सांगितलं आहे.

तुझी,
आई