प्रिय बाय, ती रात्र काळोखी नव्हती

राय, सासष्टी, गोवा
२ जुलै

प्रिय बाय,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला तो तू शेवटी लिहिलेल्या एका ओळीमुळे. "तुमचा देव शेवटी जिंकणारच असेल, तर तुझ्या कादंबरीत रहस्य राहतं कुठे?" तू हे चिडवायला लिहिलं नाहीस, हे मला कळतं. कोर्टात तीस वर्षं काढलेली बाई असले प्रश्न उगाच विचारत नाही. म्हणून नीट उत्तर देते. लांबेल, चहा घेऊन बस.

इथे पाऊस नुसता कोसळतोय. मे महिन्यातच पुरुमेंत भरून ठेवलं, सुकी मासळी, मिरच्या, सोलं, सगळं. त्यामुळे बाजाराची घाई नाही. वीज जाते-येते. मी साडेचारला उठते, छोटी प्रार्थना करते आणि वहीत लिहायला बसते, ते पोदेराचा हॉर्न वाजेपर्यंत. पाव घेतला की लिहिणं बंद, मग दिवस घराचा. गेली अकरा वर्षं हेच चाललंय. त्या प्रार्थनेत मी कथानक मागत नाही. पूर्वी मागायचे. आता एवढंच म्हणते, की ज्या माणसाबद्दल लिहितेय त्याचा तिरस्कार माझ्या मनात येऊ देऊ नकोस. खुन्याबद्दल लिहिताना हे सोपं नाही.

तुला आमचा ओटा आठवतो ना? बाबा वाडीत पाणी सोडून आले की तिथे बसून बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा वाचायचे. हजारावर गोष्टी लिहिलेल्या माणसाचं पुस्तक कधी संपायचं नाही, एक परत दिलं की दुसरं यायचं. अर्नाळा आपल्याच वसईच्या बाजूचा, म्हणून बाबांना त्या नावाचा भारी अभिमान. संध्याकाळी देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, घंटा झाली की अर्नाळकरांचा नायक झुंजार उशाशी जायचा आणि हातात जपमाळ यायची. बाबांना त्यात काही विसंगत वाटलं नाही, म्हणून मलाही कधी वाटलं नाही. माझ्या लिहिण्याचं मूळ तिथे आहे.

आता तुझ्या कामाची गोष्ट सांगते. दानिएलच्या पुस्तकात तेरावा अध्याय आहे. आमच्या कॅथलिक बायबलमध्ये तो असतो, प्रॉटेस्टंट लोकांच्या बायबलमध्ये नसतो. सुसान्ना नावाची बाई आपल्या नवऱ्याच्या बागेत अंघोळीला जाते. दोन म्हातारे लपून बसलेले असतात, दोघेही न्यायाधीश. ती त्यांना बधत नाही, तेव्हा दोघे मिळून आळ घेतात की हिला आम्ही एका तरुणाबरोबर पाहिलं. न्यायाधीशांचीच साक्ष, मग कोण शंका घेणार? तिला मरणाची शिक्षा होते. ती देवाला हाक मारते आणि देव ऐकतो, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. पण ऐकून तो करतो काय? वीज पाडत नाही, आकाशवाणी करत नाही. दानिएल नावाच्या एका पोराला गर्दीतून उभं करतो. ते पोर म्हणतं, या दोघांना एकमेकांपासून दूर करा. मग एकेकाला विचारतं, कुठल्या झाडाखाली पाहिलंस? एक एका झाडाचं नाव घेतो, दुसरा दुसऱ्याच झाडाचं. खलास.

साक्षीदार वेगळे ठेवायचे आणि बारीकसारीक विचारायचं, हे तुझ्या कोर्टात रोज चालायचं ना? येशूच्या आधीच्या काळातली ही गोष्ट आहे. माझ्या सगळ्या लिहिण्याचा धडा मी या अध्यायातून घेतला. देव हाक ऐकतो, पण तपासाचं काम माणसाचंच. श्रद्धेच्या गोष्टीत चमत्कार दाखवून गुन्हा उकलला, तर ती वाचकाची फसवणूक आहे आणि देवाचाही अपमान आहे, असं मला मनापासून वाटतं.

आता या कादंबरीचं सांगते. आमच्या गावाच्या कडेला खाजन आहे. खाडीचं खारं पाणी बांध घालून अडवायचं आणि आत भात पिकवायचं, ही इथली फार जुनी रीत. बांधाला मानस असते, म्हणजे पाण्याची वाट, आणि तिला लाकडी दारं. भरती चढली की पाण्याच्या रेट्यानेच ती दारं मिटतात, ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. उघडझाप करायला माणूस लागत नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तासभर तिथून हलले नव्हते. या मानशीवर मासे पकडायचा दरवर्षी लिलाव होतो आणि त्यात बरेच पैसे असतात. कोणाला भातापेक्षा मासळी गोड वाटली की बांधाला रात्रीतून भगदाड पडतं, खारं पाणी शेतात शिरतं आणि भाताचं वर्ष जातं. माझ्या गोष्टीत बांधावर पहारा करणारा एक पोरगा मानशीत मेलेला सापडतो. लिलाव घेतलेला माणूस पाद्रीपुढे येऊन कुमसार करतो, म्हणजे आपल्याकडचं कन्फेशन. ही सगळी सुरुवातीची तीस पानं. खुनी कोण ते वाचकाला लगेच कळतं. मी ते लपवलेलंच नाही.

इथे माझ्याकडून मोठी चूक झाली होती. माझा पाद्री संध्याकाळी फिरायला म्हणून बांधावर जातो आणि त्याला सहज खुनातला कोयता सापडतो, असं मी लिहिलं होतं. तो काही बोलत नाही, कुणाला खूण करत नाही, मग काय बिघडलं? आमच्या ओळखीच्या एका वयस्कर पाद्रीबाबांना वाचायला दिलं. त्यांनी सावकाश सगळं वाचलं आणि त्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "बाई, हा माझ्यासारखा पाद्री नाही." मग ख्रिस्तसभेची १९८३ ची कायद्याची संहिता काढून दाखवली. कलम ९८३ म्हणतं, कुमसारात ऐकलेलं शब्दाने किंवा दुसऱ्या कुठल्याही रीतीने उघड करायचं नाही. हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते पुढचं, ९८४. उघड होण्याचा काडीचाही धोका नसला, तरी त्या माहितीचा वापर सांगणाऱ्याचं नुकसान होईल असा करायचा नाही. म्हणजे माझा पाद्री त्या बांधाकडे मुद्दाम फिरायलाही जाऊ शकत नाही. तो त्या माणसाला समजावू शकतो, कबूल हो म्हणून विनवू शकतो. पण कुमसाराच्या खुर्चीतून उठल्यावर त्याने काहीच ऐकलेलं नसतं.

सहा प्रकरणं गेली, बाय. बरीच रडले. पण आठवडाभराने लक्षात आलं की आता कुठे गोष्ट उभी राहतेय. ज्याला सगळं माहीत आहे त्याचे हात बांधलेले. ज्यांचे हात मोकळे त्यांना काही माहीत नाही. आणि तो पाद्री दर शनिवारी संध्याकाळी कुमसाराला बसतो, तो माणूस पुन्हा येईल का म्हणून वाट बघतो. तुझ्या प्रश्नातलं रहस्य मला इथे सापडलं. खून कोणी केला, यात ते नाहीच. तो माणूस वळेल का, यात आहे. आणि ते देवानेही त्याच्यावरच सोडलंय. आम्ही तसंच मानतो.

मग गुन्हा उकलायचा कसा? हे आमच्या ह्यांनी सोडवलं. पंचवीस वर्षं जहाजावर काढलेला माणूस, कादंबऱ्या वाचत नाही. पण माझी वही उघडी पडली होती, ती त्यांनी वाचली आणि म्हणाले, "आगो, हें चुकलें तुजें." मी खून पवित्र गुरुवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या, रात्री घडवला होता आणि लिहिलं होतं, मिट्ट काळोख, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. हे म्हणाले, ईस्टर कसं ठरतं ते विसरलीस? २१ मार्चची किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्यापुढचा रविवार. म्हणजे पवित्र गुरुवारी चंद्र भरत आलेला असतो, नाहीतर नुकताच भरून गेलेला. त्या दिवसांत आभाळही बहुतेक मोकळं. काळोख कुठून येणार? आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, म्हणजे मानशीची दारंही गच्च मिटलेली.

मी लहानपणापासून पवित्र आठवडा पाळते. गुरुवारी रात्री देवळात जागरण करून तुझ्या घरावरूनच आम्ही परत यायचो. हातात कंदीलसुद्धा नसायचा. आणि मी काळोख लिहिला!

ती चूक मी खुन्याला देऊन टाकली. आता तो पोलिसांना सांगतो की काळोख होता, मानशीत काही पडलंय ते दिसलंच नाही. सगळे मान्य करतात, कारण रात्र म्हटली की काळोख. फक्त गावातली एक मासळी विकणारी म्हातारी आहे, जी त्या रात्री देवळातून बारानंतर निघून बॅटरी न घेता बांधावरून घरी आली होती. आपल्याला काही माहीत आहे, हे तिला माहीत नाही. तिला योग्य प्रश्न विचारणारा कोणीतरी हवा, दानिएलसारखा. आधी मी घंटेची युक्ती केली होती. खुनी म्हणतो देवळाची घंटा ऐकली, आणि त्या गुरुवारच्या मिस्सेतल्या, म्हणजे देवळातल्या मुख्य उपासनेतल्या, ग्लोरिया या स्तोत्रापासून शनिवारी रात्रीपर्यंत तर घंटा वाजतच नाहीत. पण ते इथलं शेंबडं पोरही पकडेल, म्हणून सोडून दिलं.

प्रकाशकांचं थोडक्यात सांगते, कारण त्यात मन रमत नाही. एका धार्मिक प्रकाशनाने कळवलं की प्रार्थना करणाऱ्या वाचकाला खून नको. दुसऱ्यांनी कळवलं की खून छान आहे, प्रार्थना काढा. दोघांनाही मी नाही म्हटलं.

आणि हो, तू विचारलंस की गोव्यात राहून मराठीतच का लिहितेस. घरी कोकणी बोलते, मिस्सा कोकणीत ऐकते आणि मला ती आता माझी वाटते. पण माझी पापं मला मराठीत आठवतात. शिवाय इथून जवळच राशोल आहे. वसईखालचं साष्टी बेट आणि हा सासष्टी तालुका, दोन्ही नावं सहासष्ट गावांवरून पडली म्हणतात, तेवढंच घर जवळ वाटतं. त्या राशोलला १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापलं गेलं. इंग्लंडात जन्मलेला माणूस, आणि त्याने आपल्या ओवीत जवळजवळ अकरा हजार ओव्या लिहिल्या. छपाई रोमन लिपीत, भाषा मराठी. त्यातच लिहिलंय की नव्याने ख्रिस्ती झालेल्या एकाने त्याला विचारलं, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला काही द्याल की नाही? त्या माणसाची तहान मला फार जवळची वाटते. त्याच्याकडून आधी गोष्टी काढून घेतल्या गेल्या, आणि तरी त्याने गोष्टच मागितली. पुढे १८५७ मध्ये बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली, मराठीतली पहिली कादंबरी, तीही एका ख्रिस्ती माणसाने लिहिलेली. मी कुणा परक्याच्या अंगणात बसून लिहीत नाहीये, एवढंच तुला सांगायचं होतं.

आता तुझ्या प्रश्नाचं जे उरलंय ते. गुड फ्रायडे आणि ईस्टर यांच्या मधला शनिवार तू कधी देवळात पाहिला नाहीस. वेदीवर कापडसुद्धा नसतं. पवित्र साक्रामेंत, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, ठेवायची पेटी रिकामी, तिचं दार सताड उघडं, समोरचा एरवी कधी न विझणारा दिवा विझलेला. रात्रीपर्यंत मिस्सा नाही. उद्या काय आहे ते आम्हा सगळ्यांना पाठ असतं. तरी त्या उघड्या दाराकडे पाहिलं की पोटात खड्डा पडतो. दरवर्षी पडतो.

आणि आई आजारी होती ती शेवटची रात्र तू माझ्याबरोबर दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसली होतीस. माझा विश्वास तेव्हाही होता. तरी माझे हात थरथरत होते आणि तू ते धरून ठेवले होतेस. तुझा देव जिंकणारच आहे, मग कशाला घाबरतेस, असं तू एकदाही म्हणाली नाहीस. मी जे लिहू पाहतेय ते त्या बाकावरचं आहे, बाय. हे तुला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

शेवटचं प्रकरण अजून लिहिलेलं नाही. म्हातारीची साक्ष झाली आहे, शनिवार आहे, पाद्री कुमसाराला बसलाय आणि तो माणूस देवळाच्या पायऱ्यांवर छत्री मिटून उभा आहे. पहिली बारा प्रकरणं पोस्टाने पाठवते आहे. कोर्टाचा भाग लाल शाईने खोड, माझी गय करू नकोस. आणि एक नक्की सांग. रात्री केलेल्या पंचनाम्यात उजेड कशाचा होता हे लिहितात ना, विजेचा, बॅटरीचा? तुझ्या तीस वर्षांत 'चांदण्यात स्पष्ट दिसत होते' असं लिहिलेला एखादा कागद तुझ्या हातून गेलाय का?

तुझीच