कट्ट्यावर उदबत्ती लावणाऱ्या पोरांना

एन.एस.एस.च्या पोरापोरींनो,

टाइप माझी लेक करतेय, बोलणं माझं आहे. मी तुमच्या कॅन्टीनची मावशी.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली तो कट्टा. लेक्चर सुटलं की तिथे सिगारेटी पेटायच्या आणि धूर थेट शेगडीपर्यंत यायचा. भिंतीवर ‘धूम्रपान निषिद्ध क्षेत्र’ अशी पाटी होतीच. 2008 च्या गांधी जयंतीला नियम लागू झाले, तेव्हाची असावी. पोरं तिच्याच खाली थोटकं विझवायची. आणि गिऱ्हाइकाला आम्ही काय बोलणार?

आधी तुम्ही पथनाट्य केलंत. खरं सांगू, ते काही जमलं नाही. टाळ्या पडल्या आणि टाळ्या वाजवणारेच लायटर शोधायला लागले. उदबत्ती आणलीत तेव्हा मात्र मानलं तुम्हाला! कट्ट्यावर ती लावून मित्रांना म्हणालात, धूर कुठे जातो तेवढं बघा. तो वर जायच्या ऐवजी वळला, खिडकीतून आत शिरला आणि माझ्या तव्यावरून गेला. एक्झॉस्ट फॅन आतली हवा बाहेर फेकतो, म्हणून तेवढीच हवा खिडकीतून आत ओढली जाते, हे मलाही तेव्हाच कळलं. ‘मोकळी जागा आहे, उडून जातो’ म्हणणारा तो उंच पोरगा गप्पच झाला.

मग तुमच्यातली चष्मेवाली बोलली. ओढणाऱ्याला निदान फिल्टर असतो, जळत्या टोकाचा धूर न गाळताच शेजाऱ्याच्या छातीत जातो. त्यात 7000 हून जास्त रसायनं, त्यातली 70 च्या आसपास कॅन्सर करणारी. पोरं ऐकत होती, पण हलली ती पुढच्या प्रश्नावर: “तू दहा मिनिटांत वर्गात जाशील. मावशी आणि भांडीवाल्या ताई कुठे जाणार?” इतक्या वर्षांत हे ना कुणी सरांनी विचारलं, ना मी स्वतः. 200 रुपयांपर्यंत दंड आहे म्हणे. तो लावला असता तर पोरं चार दिवस लपून ओढली असती. दोस्ताने तोंडावर सांगितलं, म्हणून उठली.

सगळ्यांनी सोडली असं नाही हं. पण कट्ट्यावर आता कुणी पेटवत नाही. ताईला दमा आहे, ती खिडकी उघडी ठेवून भांडी घासते. गल्ल्याशेजारी तुम्ही चिकटवलेला 1800-11-2356 हा सिगारेट-तंबाखू सोडायला मदत करणारा नंबर दोघांनी उतरवून घेतलाय. कोण ते सांगणार नाही.

गेटाबाहेर टेप लावून शंभर वार मोजलेत, तेही छान केलंत. कॉलेजपासून तेवढ्या अंतरात सिगारेट विकायला बंदी आहे ना. टपरी त्याच्या आतच भरली, पण टपरीवाल्याशी भांडला नाहीत, कायदा दाखवलात. त्याने सिगारेटी काढल्या, बिस्किटं ठेवली. त्याचंही पोट आहे.

तुमच्यातले निम्मे यंदा टी.वाय.ला. जाण्याआधी एफ.वाय.च्या पोरांना हे शिकवून जा, जूनमध्ये कट्ट्यावर नवी टोळी येईलच. खिडकी दाखवायला आत आणायचं असेल तर अकरानंतर आणा, त्याआधी पोह्यांची गडबड असते.

तुमची,
कॅन्टीनची मावशी