आई-बाबा, चळवळ सोडायची की नाही

आई, बाबा,

फोनवर बाबांनी "अजून त्या लोकांत आहेस का" विचारलं तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय. आहे अजून, पण सोडायचं मनात पक्कं होत चाललंय.

ही आमची इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम चळवळ काय भानगड आहे ते तुम्हाला धड कधी सांगितलंच नाही. १९७२ मध्ये पीटर सिंगर नावाच्या तत्त्वज्ञाने विचारलं की समोर तळ्यात मूल बुडत असेल तर कपडे खराब होतील म्हणून आपण थांबत नाही, मग लांबच्या देशातल्या मुलासाठी का थांबतो. पुढे २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या मंडळींनी कमाईचे दहा टक्के आयुष्यभर द्यायचा संकल्प सुरू केला, आणि द्यायचे तेही हिशेब करून, म्हणजे उदाहरणार्थ औषध लावलेल्या मच्छरदाण्यांना, कारण मलेरियाने सगळ्यात जास्त पाच वर्षांखालची पोरं जातात. हे मला आजही शंभर टक्के पटतं.

२०२२ मध्ये एफटीएक्स नावाची क्रिप्टो चलनाच्या खरेदी-विक्रीची कंपनी बुडाली, "भरपूर कमवा आणि दान करा" म्हणून चळवळीत ज्याचं नाव घ्यायचे तो तिचा संस्थापक सॅम बँकमन-फ्राइड गिऱ्हाइकांचेच पैसे वापरत होता, २५ वर्षांची शिक्षा झाली त्याला. तेव्हाही मी सोडलं नाही, एकाने लबाडी केली म्हणून मच्छरदाणी खोटी ठरत नाही.

पण मध्यंतरी आमच्या ग्रुपमधली एक म्हणाली की आईच्या ऑपरेशनसाठी महिनाभर बिनपगारी रजा घेतेय, तर एकाने तिथल्या तिथे लॅपटॉप उघडून मांडलं की नर्स ठेवली तर उरलेल्या पगारात किती मच्छरदाण्या येतील. कोणी त्याला गप्प केलं नाही, उलट नर्सचा रेट बरोबर धरलाय का यावर चर्चा सुरू झाली, आणि ती बिचारी मान खाली घालून बसलेली. मला तिथे बसवेना.

माणसं वाईट नाहीत हो, त्यातल्या एकाने अनोळखी माणसाला किडनी दिलीय. आणि भीतीही वाटते, यांची संगत सुटली की माझं देणंही हळूहळू सुटेल. आमच्यासारख्या निघून गेल्या तर आत बोलणार कोण, हेही आहेच.

आई, दहा टक्के मात्र बंद करणार नाही, त्यावर वाद नको. तो शब्द मी त्या पोरांसाठी दिलाय, ग्रुपसाठी नाही. पुढच्या मीटिंगला जाऊन सगळ्यांच्या तोंडावर सांगणार आहे का जातेय ते, गुपचूप गळणार नाही. त्याआधी त्या मुलीला फोन करते.

तुमची,
ताई