कानातल्या मिक्सलाही वेळ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चतुर्थी जवळ आली की फोंडा, म्हापसा, डिचोली, मडगावच्या सार्वजनिक मंडळांचे कार्यक्रम ठरू लागतात. पाठोपाठ जत्रा-काल्यांचा हंगाम येतो. नाट्यगीतं, भक्तिगीतं, ऑर्केस्ट्रा अशा अनेक कार्यक्रमांत आता मंचावरचे, कलाकारांकडे तोंड केलेले मॉनिटर स्पीकर कमी होऊन कलाकारांच्या कानांत इन-इअर, म्हणजे मंचावरचा आवाज थेट कानात देणारे इअरफोन, दिसू लागले आहेत. मात्र पहिलंच कडवं संपण्याआधी गायक एका कानातला इअरफोन काढून खांद्यावर टाकतो आणि पेटीवाला मिक्सरकडे बघून बोट वरखाली करत राहतो, हेही आता सवयीचं झालं आहे. समोर बसलेल्यांना वाटतं, यंत्र बिघडलं. यंत्र बहुधा ठीक असतं, पण कानातलं मिक्स, म्हणजे कोणाला कोणता आवाज किती ऐकू यावा याचं मिश्रण, लावायला कोणी वेळ दिलेला नसतो. ध्वनिव्यवस्थेचं काम करणाऱ्या आम्हा काही जणांचं त्याबद्दल थोडं म्हणणं आहे. ते संयोजकांनीही वाचावं, कारण अर्धा दोष वेळापत्रकाचा असतो.

मॉनिटर स्पीकर असताना मिक्समध्ये एखादं वाद्य टाकायचं राहिलं तरी चालून जात होतं, कारण शेजारचा तबला, मागचा ड्रम असाही कानावर पडायचा. नीट बसलेला इअरफोन बाहेरचा आवाज साधारण २० ते २५ डेसिबलने कमी करतो. म्हणजे मिक्सरवरून जे पाठवलं तेवढंच कलाकाराला ऐकू येतं आणि जे पाठवलं नाही, ते त्याच्यापुरतं मंचावर नसतंच. म्हणून सगळ्यांना मिळून एकच मिक्स ही जुनी सोय इथे चालत नाही. गायकाला स्वतःचा गळा आणि तानपुरा वर हवा असतो. तबलजीला गायकाची सम आणि पेटी हवी असते, स्वतःचा तबला त्याला हाडांतूनही पुरेसा कळतो.

किती मिक्स देता येतील हे मिक्सर ठरवतो, आणि ते आधी मोजून ठेवावं. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या बेहरिंगर एक्स ३२ या मिक्सरवर मिक्ससाठी १६ बस, म्हणजे वेगवेगळे मिक्स बाहेर नेणाऱ्या वाटा, आहेत. मूळ मांडणीत त्यातल्या शेवटच्या चार इफेक्टकडे जातात, उरतात १२. स्टिरिओ (डाव्या-उजव्या कानाला वेगळं) द्यायचं तर माणशी दोन बस लागतात, म्हणून सहा जणांची सोय होते. छोट्या एक्सआर १८ वर अशा सहाच वाटा (ऑक्स) आहेत, म्हणजे तीन स्टिरिओ किंवा सहा मोनो. तिथे आठ कलाकारांना वेगळे मिक्स कबूल करणारा माणूस एकतर भोळा असतो किंवा त्याला कार्यक्रमानंतर लगेच पळायचं असतं. बस अपुऱ्या असतील तर स्टिरिओ गायकाला द्यावं, बाकीच्यांना मोनो. कोरसमधल्या तिघाचौघांना एकच मिक्स पुरतो. एका ट्रान्समीटरच्या फ्रिक्वेन्सीवर हवे तेवढे बेल्टपॅक (कमरेला लावायचे रिसीव्हर) लावता येतात, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळे ट्रान्समीटर भाड्याने आणायला नकोत.

शिवाय वायरलेस सगळ्यांना कशाला? पेटी, तबला, कीबोर्ड, ड्रम वाजवणारे पूर्ण कार्यक्रम एका जागी बसलेले असतात. त्यांना वायरवरचा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर द्या. आवाज जास्त स्वच्छ येतो, फ्रिक्वेन्सीची कटकट नाही, बॅटरी संपण्याची भीती कमी, आणि भाडंही वाचतं. वायरलेस फिरणाऱ्या गायकासाठी आणि निवेदकासाठी ठेवावं. जिथे तीन-चार वायरलेस संच लागतातच, तिथे फ्रिक्वेन्सी समान अंतरावर ठेवण्याची चूक फार होते. ६०६.० आणि ६०६.४ मेगाहर्ट्झवरचे दोन ट्रान्समीटर शेजारी असले, की त्यांच्या मिसळीतून ६०६.८ वर तिसरा नको असलेला सिग्नल तयार होतो. तुमचा तिसरा संच नेमका तिथेच लावलेला असेल, तर त्यात खरखर येणारच. कंपनीने दिलेल्या गटातल्याच फ्रिक्वेन्सी घ्याव्यात, आणि इन-इअरचा ट्रान्समीटर वायरलेस माइकच्या रिसीव्हरच्या डोक्यावर रचून ठेवू नये. एक सिग्नल फेकतो, दुसरा कमकुवत सिग्नल शोधत असतो. दोघांत निदान दोन-तीन मीटर अंतर हवं.

आता कानाकडे. मिक्सबद्दलच्या तक्रारी ऐकताना आधी इअरफोनची टोपी, म्हणजे कानात शिरणारं मऊ टोक, बघावी. टोपी सैल बसली की हवा निसटते आणि सगळ्यात आधी खालचे स्वर जातात. कलाकार म्हणतो, ‘डग्गा येत नाही’, साउंडवाला डग्गा वाढवतो, तरी येत नाही, आणि दहा मिनिटांनी टोपी आपसूक नीट बसली की तोच डग्गा कानठळ्या बसवतो. लहान, मध्यम, मोठी अशा तिन्ही मापांच्या टोप्या जवळ असाव्यात. बऱ्याच जणांच्या दोन कानांची मापंही वेगळी असतात. फोमची टोपी बोटांत दाबून बारीक करायची, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढायची, टोपी आत सरकवायची आणि ती फुगेपर्यंत बोट तसंच धरून ठेवायचं. स्वतःचं बोलणं डोक्यात घुमल्यासारखं वाटलं, की बसली.

लेव्हल लावताना उलटा क्रम धरला की कानात सुसकारा येतो. ट्रान्समीटरकडे सिग्नल कमजोर जातो आणि तो भरून काढायला बेल्टपॅकचं बटण पूर्ण फिरवलं जातं. आधी प्रत्येक माइकचा गेन (मिक्सरमध्ये शिरतानाची वाढ) ठीक करा, मग ट्रान्समीटरच्या मीटरवर सिग्नल भरपूर पण लाल न होणारा ठेवा, आणि बेल्टपॅक निम्म्यावर ठेवून मिक्स बांधा. कलाकाराला कमी-जास्त करायला दोन्ही बाजूंना जागा उरते. कानाकडे जाणारे सगळे ऑक्स प्री-फेडर, म्हणजे सभागृहाच्या आवाजाची पट्टी (फेडर) हलवली तरी न बदलणारे, हवेत. पोस्ट-फेडर राहिले, तर सभागृहासाठी पेटी जरा खाली घेतली की ती गायकाच्या कानातूनही खाली जाते आणि सूर धरायला आधार राहत नाही. नवा मिक्सर हातात आला की हे सर्वांत आधी तपासावं.

मिक्स बांधताना पहिल्यांदा स्वतःचा आवाज, मग लय, मग सूर, आणि शेवटी बाकीचे. प्रत्येक टप्प्यावर एक ओळ गाऊन-वाजवून बघायची. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला माइक लावू नका, डीआय बॉक्समधून (वाद्याची वायर मिक्सरला जोडणारी डबी) थेट लाइन घ्या; जेमतेम जाणवेल इतकाच ठेवा. झांज तर कानात पाठवायचीच नसते. तिचा आवाज गायकाच्या माइकमध्ये, पेटीच्या माइकमध्ये, सगळीकडे शिरलेलाच असतो. वर तिचा वेगळा चॅनल चढवला की पुढे काही ऐकूच येत नाही. भजनाच्या कार्यक्रमात झांजवाल्याला गायकाच्या माइकच्या तोंडासमोरून जरा बाजूला बसवल्याने जे साधतं, ते कुठल्याही इक्वलायझरने साधत नाही.

स्टिरिओ असेल तर पॅनचा, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे सरकवण्याच्या सोयीचा, खरंच उपयोग करा. मंचावर पेटी डावीकडे आणि तबला उजवीकडे बसला असेल, तर कानातही तसंच. गळा आणि तानपुरा मधोमध. दोन वाद्यं वेगळ्या बाजूंना गेली की ती कमी आवाजातही सुटी ऐकू येतात. एखादं वाद्य ‘वाढवा’ म्हटल्यावर फेडरला हात लावण्याआधी त्यावर चढलेलं दुसरं वाद्य उतरवून बघावं. फक्त वाढवतच गेलं, तर अर्ध्या तासात सगळ्यांचे सगळे फेडर वर टेकतात.

गायकाच्या कानाची गोष्ट जरा वेगळी. त्याला स्वतःचा आवाज दोन वाटांनी मिळतो, हाडांतून लगेच आणि इअरफोनमधून किंचित उशिरा. हे दोन्ही एकमेकांत मिसळतात. डिजिटल मिक्सरचा उशीर एखाद्या मिलिसेकंदाचा असतो, तो चालतो. पण डिजिटल वायरलेस माइक, वर प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारं सॉफ्टवेअर), वर डिजिटल इन-इअर अशी साखळी झाली आणि एकूण उशीर पाच मिलिसेकंदांपलीकडे गेला, की गायकाला आपला आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ वाटू लागतो. रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) वाढवून तो पोकळपणा जात नाही. एक सोपी चाचणी करून बघावी. गायकाला ‘आ’ लावायला सांगून त्याच्या इन-इअर आउटपुटची पोलॅरिटी (सिग्नलची धन-ऋण दिशा) उलट-सुलट करा आणि ज्या स्थितीत आवाज भरीव लागतो, ती कायम ठेवा. बऱ्याचदा ‘मला माझा आवाज आवडत नाही’ ही तक्रार तिथेच मिटते.

सभागृहासाठी गळ्यावर लावलेला कंप्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारी सोय) गायकाच्या कानात नको. तो जोर लावतो, कंप्रेसर दाबतो, म्हणून तो आणखी जोर लावतो. मध्यंतरापर्यंत घसा बसतो. गायकाचा माइक दोन चॅनलांत विभागून घ्यावा, एक सभागृहासाठी, एक कानासाठी. कानाच्या चॅनलवर १०० हर्ट्झच्या आसपास लो-कट (त्याखालचे स्वर कापणं), बाकी जवळपास काही नाही. मात्र अगदी कोरडा आवाज दिला तरी गायक जोर लावतो, म्हणून फक्त कानापुरता वेगळा रिव्हर्ब लागतो. एक-दीड सेकंदाचा ‘प्लेट’ प्रकारचा, २० ते ३० मिलिसेकंदांचा प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीचं अंतर), आणि रिव्हर्बमधून २५० हर्ट्झखालचं सगळं कापलेलं.

टाळ्या ऐकू येत नाहीत, दाद कळत नाही, म्हणून गायक इअरफोन काढतात. मैफलीतल्या गायकाला हे फारच जाचतं, आणि ते बरोबर आहे. त्यासाठी मंचाच्या पुढच्या दोन कोपऱ्यांवर प्रेक्षकांकडे तोंड केलेले दोन माइक लावून ते डाव्या-उजव्या कानात द्यावेत, १५०-२०० हर्ट्झखालचं कापून. हे माइक सभागृहाच्या स्पीकरकडे चुकूनही पाठवू नयेत. काही जण ते मागे मिक्सरजवळ लावतात. मंचावरचा आवाज तिथवर पोचायला २० मीटर जातो, म्हणजे जवळजवळ ५८ मिलिसेकंदांचा उशीर, आणि कानात प्रत्येक ठेका दोनदा पडतो.

एकच कान लावून गाण्याची सवय मात्र मोडायलाच हवी. दोन्ही कानांनी ऐकताना तोच आवाज जास्त मोठा जाणवतो. एक काढला की उरलेल्या कानात आवाज बराच वाढवावा लागतो, आणि मोकळ्या कानावर मंचाचा मारा होतो तो वेगळाच. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा आहे आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. दोन-अडीच तासांच्या कार्यक्रमाचा हिशेब वाचकांनीच करावा. प्रत्येक कानाच्या बसवर लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर अडवणारी सोय) हवाच, रेशो (दाबण्याचं प्रमाण) १०:१ किंवा जास्त आणि अटॅक (दाबायला लागणारा वेळ) शक्य तितका जलद. माइकची पिन कोणी अचानक उपसली किंवा फँटम पॉवर (माइकला केबलमधून दिली जाणारी वीज) चालू असताना केबल लावली, तर तो ‘फट्’ थेट कानाच्या पडद्यावर जातो. म्हणून चॅनल म्यूट केल्याशिवाय मंचावरची एकही केबल हलवायची नाही. कीबोर्डमधून गुणगुण आली, तर डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या केबलमधली ग्राउंडची जोडणी तोडणारं बटण) दाबा. जत्रेत जनरेटरवर चालताना प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा ‘उपाय’ अजूनही काही जण करतात. तो जिवावर बेतू शकतो.

गोव्याच्या हवेमुळे थोडी जास्त काळजी. किनाऱ्याजवळच्या मोकळ्या मंचांवर खारी हवा आणि घाम यांनी इअरफोनच्या केबलचे सांधे हिरवे पडतात आणि एका बाजूचा आवाज येतो-जातो. एक कान हळूहळू मंद होत गेला, तर केबल बदलण्याआधी टोपी काढून नळीच्या तोंडावरची जाळी बघा. बहुधा मळ अडकलेला असतो. कार्यक्रम संपल्यावर कोरड्या फडक्याने पुसून, सिलिका जेलच्या पुडीसह बंद डबीत ठेवावं. टोप्या एकमेकांच्या वापरू नयेत. वायरलेस बेल्टपॅकच्या बॅटऱ्या मध्यंतरात बदलाव्यात, संपायची वाट बघू नये.

संयोजकांना विनंती अशी. ध्वनिव्यवस्था ठरवताना ‘इन-इअरसह’ एवढंच न लिहिता किती मिक्स, त्यातले किती स्टिरिओ, किती वायरलेस आणि कानाच्या मिक्सवर वेगळा माणूस बसणार की सभागृहाचाच माणूस दोन्ही सांभाळणार, हे लिहून घ्यावं. एकच माणूस असेल, तर कलाकारांची संख्या त्या मानाने ठेवावी. कलाकारांनी फोनवरून स्वतःचं मिक्स हलवायचं असेल, तर मिक्सरला ५ गिगाहर्ट्झचा स्वतंत्र वाय-फाय राउटर लागतो. भरल्या सभागृहात शेकडो फोन चालू असताना २.४ गिगाहर्ट्झवर भरवसा नाही. सातचा कार्यक्रम असेल, तर केबल जोडून, लाइन तपासून मंच साडेचारला तयार हवा आणि कलाकार पाचला यायला हवेत, म्हणजे साडेसहापर्यंत आठ जणांसाठी दीड तास मिळतो. समई, हार-तुरे, पाहुण्यांच्या खुर्च्या आणि फलक त्याआधी लावून घ्यावेत. साउंड चेक चालू असताना निवेदकाने माइकवर ‘हॅलो, हॅलो’ सुरू केलं, की ते आठही जणांच्या कानांत जातं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

आपले,
ध्वनिव्यवस्थेतील काही तंत्रज्ञ
फोंडा, गोवा