पदयात्रेत डोक्याला मार लागला तर "बोलतोय ना, मग बरा आहे" असं समजू नका

मा. संपादक,

यंदाच्या चैत्रात माझे आप्पा सप्तशृंगी गडावर पायी निघाले होते आणि वाटेत जे झालं ते सगळ्या पदयात्रींना, दिंडीवाल्यांना कळावं म्हणून हे पत्र लिहितेय. थोडं लांबेल, पण शक्य तेवढं छापा.

आमचं माहेर अमळनेर तालुक्यात. आप्पा ६६ वर्षांचे, गेली बावीस वर्ष चैत्रात गडावर पायी जातात. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत धुळे-मालेगाव रस्त्यावर खान्देशातले लोक कसे जातात ते तुमच्या वाचकांना सांगायला नको, पिशव्या टेम्पोत, हातात झेंडा, रात्री आणि पहाटे चालायचं आणि उन्हं तापली की झाडाखाली पडायचं. मी धुळ्यात असते म्हणून त्यांच्या गावच्या पंचवीस जणांचा मुक्काम दरवर्षी माझ्याकडेच असतो. त्या रात्री कळण्याची भाकरी, ठेचा, शेवभाजी असं जेवून पहाटे तीनला सगळे निघाले. आप्पांना तीन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय, तेव्हापासून रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत. त्यांची पाकिटं मी स्वतः त्यांच्या निळ्या पिशवीत ठेवली आणि ती पिशवी टेम्पोत गेली.

लळिंग घाट ओलांडून आर्वीकडे जाताना, उजाडायच्या आत, मागून एका मोटरसायकलचा धक्का लागला आणि आप्पा मागे पडले, डोक्याची मागची बाजू डांबरावर आपटली. रक्त नाही, जखम नाही, लिंबाएवढं टेंगूळ आलं. दोन मिनिटात उठून बसले, "काई नई व्हयनं रे, चला" म्हणाले, चहा घेतला आणि चालायला लागले. मोटरसायकलवाला पोरगा रडकुंडीला आला होता, लोकांनी त्याला जाऊ दिलं. माझा त्या माणसांवर राग नाही, मी तिथे असते तरी मला पण हेच वाटलं असतं.

नऊच्या सुमारास डोकं दुखतंय म्हणाले, मग उलटी, परत उलटी. चैत्राचं ऊन, सगळ्यांना वाटलं ऊन लागलं, म्हणून लिंबूपाणी पाजलं, कांदा फोडून नाकाला लावला आणि झोडग्याच्या अलीकडे एका निंबाखाली झोपवलं. दमलेत, झोपू द्या. साडेबाराला जेवायला हाक मारली तर उठेनात. घोरत होते पण जागे होत नव्हते, आणि एक हात नुसता लोंबत होता.

१०८ ला फोन केला, गाडी आली, गाडीतल्या डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली आणि पहिला प्रश्न विचारला, ह्यांना कोणत्या गोळ्या चालू आहेत? कोणालाच माहीत नव्हतं, निळी पिशवी टेम्पोबरोबर पुढच्या मुक्कामाला पोहोचली होती. फोन लावला सुरतला माझ्या भावाला, तो म्हणाला बीपीची असेल. मला मात्र फोन आला तासाभराने. पहिल्या दवाखान्यात सीटी स्कॅन नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी होतं, मेंदूभोवती रक्त साचलंय आणि मेंदू एका बाजूला ढकलला गेलाय हे कळलं, पण मेंदूचे सर्जन त्या दिवशी नव्हते. शेवटी नाशिक. मी तिथे पोहोचून गोळ्यांची नावं सांगितली तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते, त्यानंतर डॉक्टरांनी रक्त गोठावं म्हणून प्लेटलेट्स चढवल्या आणि रात्री कवटी उघडून ऑपरेशन केलं. पहाटेपासून रात्रीपर्यंत ते रक्त आत साचत होतं.

नंतर डॉक्टरांनी मला समजावलं ते असं, की उतारवयात मेंदू थोडा आक्रसतो, त्याच्या आणि कवटीच्या मधल्या शिरा ताणलेल्या असतात आणि धक्क्याने तुटतात. रक्त हळूहळू साचतं त्यामुळे पहिले काही तास, कधी काही दिवससुद्धा माणूस ठणठणीत दिसतो, बोलतो, चालतो, चहा पितो. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते लवकर थांबतच नाही. म्हणजे उठून चालणं ही बरं असल्याची खूण नाहीच. डोकं वाढत वाढत दुखणं, पुन्हापुन्हा उलटी, जास्त झोप येणं, बोलणं अडखळणं, एका हातापायातली ताकद जाणं यातलं एक जरी दिसलं तर ऊन बिन म्हणत बसू नका, सरळ सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा. आणि गोळ्या चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाचं डोकं आपटलं असेल तर यातलं काहीच दिसायची वाट बघू नका.

गडाच्या रस्त्यावर किती मंडळं सेवा देतात, चहा, फराळ, पायाला मलम, मालिश, सगळं फुकट आणि मनापासून. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की मंडपात एक फलक लावा, वर लिहिलेली लक्षणं मोठ्या अक्षरात, आणि त्याखाली या पट्ट्यात सीटी स्कॅन कुठे आहे आणि मेंदूचे सर्जन कुठे आहेत ते फोन नंबरसकट. ही यादी काढून देणं आरोग्य खात्याचं काम आहे, यात्रेच्या आधी दिंडीप्रमुखांना बोलावून द्यायला काय अवघड आहे? आमचे चार तास एका दारातून दुसऱ्या दारात गेले. आणि दिंडीवाल्यांनी प्रत्येकाच्या गळ्यात एक चिठ्ठी घालावी, नाव, घरचे दोन नंबर, आजार, गोळ्यांची नावं. पिशवीत नाही, गळ्यात.

अजून एक. धक्का लागला तेव्हाच पोलिसांना कळवायला हवं होतं. अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार कॅशलेस मिळायची केंद्राची योजना मे २०२५ पासून आहे, ती आम्हाला आप्पा आयसीयूत असताना नवव्या दिवशी कळली. जखमीला उचलून नेलं तर पोलिसांचं लचांड मागे लागेल ही भीती पण लोकांनी सोडावी, मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४ अ आलंय, मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही.

आप्पा अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होते. आता घरी आहेत, काठी धरून ओट्यापर्यंत येतात. ओळखतात सगळ्यांना, पण शब्द सापडत नाही, पाणी हवं असलं की तांब्याकडे बघत "ते... ते..." करतात आणि डोळ्यात पाणी येतं. परवा मी निळी पिशवी धुवायला काढली तर जवळ घेऊन बसले, सोडेनात.

नवरात्रात परत लोक गडाकडे पायी निघतील. त्याआधी हे छापून आलं तर बरं होईल.

आपली एक वाचक,
धुळे