ताशेवाल्यांची मोट बांधा : परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

मा. परराष्ट्रमंत्री, भारत सरकार यांस,

स. न. वि. वि.

भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद कॅरिबियनमध्ये कलापथके पाठवते, शिक्षक पाठवते. जरूर पाठवावीत. पण त्रिनिदाद, गयाना आणि सुरिनाम यांच्याशी आपण वेगवेगळे बोलतो आणि तिघांनाही शिकवायलाच जातो, हे मला खटकते.

गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले भारतीय मजूर गयानात 1838 साली, त्रिनिदादमध्ये 1845 साली आणि सुरिनाममध्ये 1873 साली उतरले. पहिले दोन देश पुढे इंग्रजी बोलू लागले, तिसरा डच. त्रिनिदादच्या घरांतून तर भोजपुरी जवळपास गेलीच. राहिले ते ढोलक आणि धनताल. धनताल म्हणजे उभी पोलादी सळई धरायची आणि नालाच्या आकाराच्या तुकड्याने तिच्यावर ठेका धरायचा. सुरिनामच्या भारतीय वंशीयांच्या 'बैठक गाना' या गायनशैलीत तोच, त्रिनिदाद-गयानातल्या त्यांच्या नाचत्या 'चटणी' संगीतातही तोच. तिथे दुभाष्या लागत नाही.

ताशाचे तर काय सांगावे! त्रिनिदादचा पारंपरिक ताशा मातीचा, वर बकऱ्याचे कातडे. वाजवण्याआधी जाळ पेटवून तो शेकतात, कातडे ताणले की आवाज कडाडतो. (आमच्या पथकांत आता फायबरचे पान आले, शेकायची भानगडच संपली.) मोहर्रमला त्रिनिदादच्या सेंट जेम्समध्ये 'होसे' नावाच्या मिरवणुकीत हेच ताशे घुमतात, आणि वाजवणाऱ्यांत आफ्रिकी वंशाचे हातही असतात. कॅलिप्सो आणि सोका या तिथल्या लोकप्रिय गाण्यांचे ठेकेही ताशावर वाजतात. अशा वाद्याला 'परदेशात जपलेली भारतीय संस्कृती' म्हणून मोकळे होणे म्हणजे त्या माणसांची निम्मी कमाई नाकारणे.

ही देवघेव फक्त भारतीय वंशाच्या लोकांची नाही. 1791 च्या गुलामांच्या उठावानंतर हैतीतून फ्रेंच मळेवाले आपल्या गुलामांसह पूर्व क्यूबात गेले. त्या गुलामांच्या ढोल-नाचातून तिथे तुम्बा फ्रान्सेसा ही नृत्य-संगीताची परंपरा उभी राहिली आणि 2008 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

माझे मागणे साधे आहे. पुढच्या कॅरिफेस्टा या कॅरिबियन देशांच्या कला महोत्सवाच्या वेळी तिन्ही देशांच्या ताशेवाल्यांना आठवडाभर एकत्र बसवा, तेही त्यांच्याच भागात. नकाशावर शेजारी असले, तरी तिथला विमानप्रवास महाग पडतो. ते भाडे परिषदेने उचलावे. मग एका गणेशोत्सवात त्यांना पुण्यात आणा. सत्कार, शाल-श्रीफळ नको, मिरवणुकीत आमच्या शेजारी उभे करा आणि वाजवू द्या. जाळासाठी पोलिसांची परवानगी मात्र आधीच काढून ठेवावी लागेल.

आपला,
पुण्याचा एक ताशावादक